बॅकअप रेग्युलेटर कसा निवडायचा: ऑक्टो, नेकलेस की पोनी?

स्कुबा डायव्हिंगचा ओपन वॉटर कोर्स झाला, अंदमान नाहीतर कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाच्या एक-दोन ट्रिपा झाल्या की स्वतःचा रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोगी करून तोंडापर्यंत आणणारं साधन, घ्यायची हुक्की येतेच. मग महिनाभर व्हिडिओ बघणं चालू, फर्स्ट स्टेज (सिलिंडरवर बसतो तो भाग) पिस्टन घ्यायचा की डायाफ्राम, मेन सेकंड स्टेज (तोंडात धरायचा भाग) कुठला, नॉब पाहिजे का नको, आणि या सगळ्यात बजेट संपतं, आणि शेवटी दुकानदार बॅकअपचा दुसरा सेकंड स्टेज दाखवून म्हणतो की ऑक्टो हा घ्या, पिवळा आहे, सगळे हाच नेतात. आपणही हो म्हणतो कारण तो आपल्या तोंडात थोडाच जाणार आहे. घरातली सगळ्यात जुनी गादी पाहुण्यासाठी काढून ठेवावी तसं हे झालं.

आता बघा तो पाहुणा कोण असतो. हवा संपलेला, घाबरलेला माणूस, छातीत धडधडतंय, खोल खोल श्वास ओढतोय, आणि तुम्ही जो रेग्युलेटर निवांत असताना दोन श्वास घेऊन "ठीक आहे" म्हणालात त्यातून तो तिप्पट हवा ओढणार आहे. म्हणजे दोन सेकंड स्टेजपैकी जास्त जोर ज्याच्यावर पडणार तो बॅकअप, आणि पैसे आपण कमी लावले तेही त्याच्यावरच. म्हणून मी सांगतो तो क्रम दुकानातल्या क्रमाच्या उलटा आहे. मॉडेल सगळ्यात शेवटी बघायचं.

एक आधीच सांगतो, मालवण-तारकर्लीला जाऊन एकदा फोटोपुरतं पाण्यात उतरणाऱ्यांसाठी हे नाही. तिथे गाइड तुम्हाला धरूनच असतो आणि सगळं सामान त्यांचं. फार तर उतरण्याआधी एवढं बघा की गाइडच्या अंगावर दुसरा सेकंड स्टेज आहे का, असेल तर तो कुठेतरी नीट अडकवलाय का मागे लोंबतोय. लोंबत असेल तर विचारा, लाजू नका.

पायरी १: कुणी कशातून श्वास घ्यायचा ते ठरवा

झाक कूस्तो आणि एमिल गान्याँ यांनी १९४३ मध्ये ॲक्वा-लंग बनवला तेव्हा माउथपीस एकच होतं, आणि पुढेही बरीच वर्षं हवा संपली तर दोघांनी एकाच माउथपीसमधून आळीपाळीने श्वास घ्यायचा हीच पद्धत होती. स्विमिंग पूलमध्ये जमते, खऱ्या घाबरलेल्या माणसाबरोबर करायला गेलात तर तो परत देतच नाही. म्हणून दुसरा सेकंड स्टेज आला, आणि तो लटकणाऱ्या होजांमुळे (नळ्यांमुळे) ऑक्टोपस, म्हणजे आपला ऑक्टो.

आज मुख्य तीन मांडण्या दिसतात. पहिली नेहमीची, तोंडात काळा मेन आणि उजव्या बाजूला छातीपाशी पिवळा ऑक्टो, बडीला (डाइव्हमधल्या जोडीदाराला) हवा पाहिजे तर पिवळा द्यायचा किंवा त्याने स्वतः घ्यायचा. दुसरी नेकलेसची, तोंडातला देऊन टाकायचा, आणि आपण गळ्यात रबरी दोरीने अडकवलेला दुसरा तोंडात घ्यायचा. ही लांब होजवाली पद्धत फ्लोरिडातल्या पाण्याखालच्या गुहांमध्ये रुजली, शेक एक्सली हे तिथलं मोठं नाव. गुहेच्या अरुंद वाटेत दोघं शेजारी पोहू शकत नाहीत, एकामागे एक जावं लागतं, म्हणून लांब होज. तिसरी म्हणजे बॅकअप बीसीडीच्या, म्हणजे अंगातल्या हवा भरायच्या जॅकेटच्या, इन्फ्लेटरमध्येच (हवा भरायच्या-सोडायच्या नळीत) बसवलेला, त्यातही तोंडातलाच द्यावा लागतो.

मला दुसरी पद्धत जास्त पटते, आणि कारण अगदी साधं आहे. तोंडातला रेग्युलेटर चालू आहे हे तुम्हाला त्या क्षणी माहीत असतं. बाजूला लटकणारा ऑक्टो चाळीस मिनिटं वाळूत घासत आला असेल, त्यात काय शिरलंय कुणाला ठाऊक. शिवाय घाबरलेला माणूस बऱ्याचदा समोर दिसणाऱ्या, बुडबुडे येणाऱ्या माउथपीसवरच झडप घालतो, मग तो द्यायचाच आहे असं आधीच ठरलेलं बरं नाही का. पण तुमचे सगळे बडी पॅडी किंवा एसएसआय या प्रशिक्षण संस्थांचा साधा कोर्स करून आलेले असतील, दर ट्रिपला नवीन माणूस जोडीला मिळत असेल, तर पिवळा ऑक्टो त्यांना न सांगता कळतो ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. दोन्ही बरोबर आहेत. फक्त कुठली ते आधी ठरवा कारण होजची लांबी, माउथपीस, अडकवायचं साधन, सगळं त्यावरून ठरतं.

पायरी २: फर्स्ट स्टेज दोघांना पुरतो का

ऑक्टो कितीही भारी घ्या, त्याला हवा फर्स्ट स्टेजमधूनच येणार. सिलिंडरमधला २०० बारचा दाब फर्स्ट स्टेज साधारण ९-१० बारवर आणतो (हा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा जास्तीचा आकडा), आणि सेकंड स्टेज तो पुढे श्वास घेण्याजोगा करतो. अनबॅलन्स्ड पिस्टनवाला स्वस्त फर्स्ट स्टेज असेल तर सिलिंडर रिकामा होत जातो तसा हा मधला दाब खाली येतो आणि श्वास जड होतो. आता विचार करा, हवा वाटून घ्यायची वेळ कधी येते? डाइव्हच्या शेवटी, सिलिंडरमध्ये थोडीच हवा उरलेली असताना, आणि तेव्हा एकाऐवजी दोन जण ओढतायत. नेमकं नको तेव्हा जड.

म्हणून फर्स्ट स्टेज बॅलन्स्ड घ्या. पिस्टन की डायाफ्राम या वादात फार पडू नका, दोन्ही चांगले असतात. आपल्याकडे मात्र एक गोष्ट बघण्यासारखी आहे. सील्ड फर्स्ट स्टेज बर्फाळ पाण्यासाठी असतो, आपल्या समुद्रात काय गरज, असं लोक म्हणतात. गोठायची भीती नाही हे खरंच, पण आपल्या किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ, वाळू आणि गाळ भरपूर, आणि मीठ आत जाऊन साठतं ते वेगळंच. सील्ड असेल तर हे आत जात नाही. सर्व्हिस सेंटर घराजवळ नसलेल्या माणसाला ही सोय महत्त्वाची आहे.

युरोपातल्या ईएन २५० या स्टँडर्डचा शिक्का बऱ्याच रेग्युलेटरवर असतो. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत आकड्यापुढे 'ए' असेल तर दोघांनी एकाच वेळी वापरण्यासाठी तो सेट तपासलाय असा अर्थ, आणि ती मर्यादा ३० मीटर खोली आणि १० अंशांपेक्षा गार नसलेलं पाणी अशी आहे. आपलं पाणी २६ ते ३० अंश, त्यामुळे तापमानाची काळजी सोडा, 'ए' आहे का तेवढं बघा. ही तपासणी पूर्ण सेटची असते हे लक्षात ठेवा. एका कंपनीचा फर्स्ट स्टेज आणि दुसरीचा ऑक्टो जोडला तर चालत नाही असं नाही, कमी दाबाची पोर्टं बहुतेक सगळ्यांची ३/८ इंचाची असतात आणि आटे जुळतात, पण मग मधला दाब ऑक्टोला मानवतोय ना हे टेक्निशियनकडून गेज लावून बघून घ्यायचं. पोझायडनसारख्या काही सेकंड स्टेजची रचनाच वेगळी असते, त्यात मधला दाब वाढला तर आपोआप हवा सुटत नाही, वेगळा सेफ्टी व्हॉल्व्ह लागतो, तिथे मिसळमिसळ स्वतःच्या डोक्याने करू नका.

पायरी ३: हवेचा हिशोब, खरेदीच्या आधी

हा भाग लोक गाळतात आणि मग ऑक्टोकडून चमत्काराची अपेक्षा ठेवतात. ऑक्टो हवा तयार करत नाही, तुमच्याच सिलिंडरमधली वाटतो.

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ॲल्युमिनियम ८० मिळतो, पाण्याच्या मापाने ११.१ लिटरचा. ताणाखालचा माणूस पृष्ठभागाच्या हिशोबाने मिनिटाला ३० लिटर ओढतो असं धरू, दोघांचे ६०. अठरा मीटरवर दाब २.८ बार, तिथे एक मिनिट सावरायला गेलं तर १६८ लिटर. मिनिटाला नऊ मीटरने वर यायला दोन मिनिटं, सरासरी दाब १.९, म्हणजे २२८. पाच मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप धरला तर २७०. बेरीज ६६६ लिटर, म्हणजे ६० बार. आणि आपण शिकलेलो असतो की ५० बारला वर या! ५० बार एकट्याला पुरतात, दोघांना स्टॉपसकट नाही पुरत. हाच हिशोब ३० मीटरवरून केला तर जवळजवळ ९० बार होतात.

त्यामुळे हॅवलॉकच्या जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकलसारख्या खोल जागी उतरत असाल तर परत फिरायचा आकडा ५० पेक्षा बराच वर ठेवा, ऑक्टो कुठलाही असो. वेळ आली तर सेफ्टी स्टॉप सोडून सरळ वर या, तो सावधगिरीचा स्टॉप आहे, हवा त्याहून महत्त्वाची. पण सोडावा लागणार नाही असा बेत करणं जास्त शहाणपणाचं.

पायरी ४: आता सेकंड स्टेज

इथे मुख्य निकष एकच, खोलवर जोरात ओढल्यावर किती सहज हवा येते. ३० मीटरवर हवा चौपट दाट असते, दुकानात उभं राहून सगळेच रेग्युलेटर छान वाटतात. त्यामुळे दुकानातल्या दोन श्वासांवर निर्णय नको, रचनेकडे बघा.

सेकंड स्टेजही बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड असतात. बॅलन्स्ड असेल तर मधला दाब थोडा वरखाली झाला तरी फरक जाणवत नाही. ऑक्टो म्हणून विकले जाणारे स्वस्तातले बरेचसे अनबॅलन्स्ड असतात आणि वर फॅक्टरीतून थोडे घट्ट सेट केलेले असतात, कारण ढिला ऑक्टो पाण्यात उडी मारल्याबरोबर फुसफुसत हवा सोडायला लागतो. घट्ट असणं ही चूक नाही, पण किती घट्ट? ते कसं मोजायचं ते खाली सांगतो.

मेनसारखाच दुसरा घ्यावा का? परवडत असेल तर हो. सर्व्हिस किट एकच, टेक्निशियनला एकच मॉडेल, आणि ट्रिपवर मेन बिघडला तर बॅकअप मेनच्या जागी लावून पुढचे दिवस वाया जात नाहीत. नेकलेस पद्धत घेतलीत तर तर नक्कीच दोन्ही सारखे घ्या, कारण हवा दिल्यावर तुम्ही स्वतः बॅकअपवर असता. परवडत नसेल तर त्याच कंपनीचा त्याच घराण्यातला एक पायरी खालचा घ्या. स्कुबाप्रोचे आर सिरीजचे किंवा एपेक्सचा एक्सटीएक्स ४० असे ऑक्टो लोक वर्षानुवर्षं वापरतायत, क्रेसी आणि मारेसचेही साधे टिकाऊ आहेत. नाव मी सांगतोय म्हणून घेऊ नका, तुमच्या शहरात त्याची सर्व्हिस होते का ते आधी विचारा.

नॉब लागतो का? माझं मत, पिवळ्या ऑक्टोला नको. श्वासाचा जोर कमीजास्त करायचा नॉब तुमच्यासाठी असतो, घाबरलेला माणूस तो फिरवत बसणार नाही, आणि मध्येच कधीतरी कशाला घासून पूर्ण आवळला गेला असेल तर त्याला हवा ओढताना त्रास होईल. छोटी व्हेंच्युरी कळ असते ती मात्र कामाची. अडकवून ठेवताना 'प्री-डाइव्ह' किंवा वजाच्या बाजूला, म्हणजे उगाच हवा सुटत नाही, आणि तशीच राहिली तरी श्वास येतोच.

अजून एक गोष्ट, उलटा धरला तर काय होतं. साध्या सेकंड स्टेजला खालच्या बाजूला एक्झॉस्ट (सोडलेली हवा बाहेर जायची जागा) असतो, आणि होज उजवीकडून येते. बडी समोरून आला आणि गडबडीत उलटा तोंडात घातला तर एक्झॉस्ट वर जातो, पाणी नीट बाहेर पडत नाही आणि दर श्वासाला घोटभर पाणी. आधीच घाबरलेल्या माणसाला हे म्हणजे फारच झालं. याला उपाय म्हणून काही ऑक्टो दोन्ही बाजूंनी चालणारे बनवलेत, एपेक्सचा एग्रेस त्यातलाच. नवीन नवीन बडी मिळणाऱ्यांनी, आणि मुलांना घेऊन डाइव्ह करणाऱ्यांनी, हा प्रकार जरूर बघावा.

पायरी ५: होज

ऑक्टोच्या किमतीत होज येते म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही, आणि खरा त्रास बऱ्याचदा तिचाच. मेनची होज साधारण ७०-७५ सेंटिमीटर, ऑक्टोची ९० ते १००. शंभरच घ्या. नव्वदवाल्या होजने दोघांची डोकी एकमेकांना चिकटतात, मानेला ओढ बसते आणि माउथपीस तोंडातून निसटायला बघतं. नेकलेस मांडणीत देण्याची होज दीड मीटर किंवा २१० सेंटिमीटर, आणि गळ्यातल्या बॅकअपची ५५-६०. साध्या समुद्री डाइव्हला दीड मीटर भरपूर झाली, दोन मीटरवाली नीट गुंडाळून ठेवायची सवय लागते, नाहीतर ती कशात ना कशात अडकणार.

होज उजव्या काखेखालून घ्यायची असेल तर सेकंड स्टेजपाशी ९० किंवा ११०-१२० अंशांचा कोन लावता येतो, त्याने जबड्याला आराम मिळतो. पण प्रत्येक जादा सांधा म्हणजे जादा ओ-रिंग आणि गळायची एक जादा जागा. एक ठीक, शोभेला म्हणून दोन-तीन नकोत.

रबरी होज की कापडी विणीची? विणीची हलकी आणि लवचिक, आजकाल सगळ्यांना तीच पाहिजे असते. पण काही विणीच्या होजांमध्ये आतली नळी उष्ण दमट हवेत कालांतराने खराब होऊन आत खडीसाखरेसारखे कण साचल्याची प्रकरणं जगभर नोंदली गेलीत, बाहेरून होज नवीकोरी दिसते आणि आतून हवेची वाट अडते. पुढे सुधारित माल आला, तरी कोकण, गोवा, अंदमान म्हणजे उष्ण आणि दमटच, त्यामुळे जुनी विणीची होज सेकंडहँडमध्ये मिळाली तर ती टाकूनच द्या. रबरी होज जड असते, पण तिचा तडा बाहेरून दिसतो. रंग पिवळाच, ही फॅशन नाही, गढूळ पाण्यात तोच दिसतो.

पायरी ६: माउथपीस आणि अडकवण

थोडक्यात. जो रेग्युलेटर दुसऱ्याला देणार त्याला गरम पाण्यात टाकून दातांच्या मापाने बनवलेलं माउथपीस लावू नका, ते फक्त तुमच्याच तोंडात बसतं. मध्यम मापाचं मऊ साधं लावा. केबल टाय नीट आवळलेला आहे ना ते ओढून बघा, नाहीतर सेकंड स्टेज हातात आणि माउथपीस बडीच्या दातात असं होईल.

पिवळा ऑक्टो हनुवटी आणि बरगड्यांची खालची दोन टोकं या त्रिकोणात कुठेतरी पाहिजे, कारण सगळे तिथेच शोधतात. बीसीडीच्या खिशात कोंबणं म्हणजे वेळेला निघणार नाही. सिलिकॉनची रिंग, मॅग्नेट, प्लॅस्टिकची क्लिप, काहीही चालेल, अट एकच की एका हाताने जोरात ओढल्यावर सुटला पाहिजे आणि नुसता पोहताना सुटता कामा नये. माउथपीस खाली तोंड करून ठेवा, वर असेल तर हवा सुटू शकते.

पायरी ७: इन्फ्लेटरमधला बॅकअप घ्यावा का

स्कुबाप्रोचा एअर २ हा यातला जुना आणि प्रसिद्ध, ॲटॉमिकचा एसएस १ पण आहे. फायदा स्पष्ट आहे, एक होज कमी, बॅग हलकी, देशातल्या विमानात पंधरा किलो सामानाची मर्यादा असताना हे सुख मोठं वाटतं. पण वर येताना गंमत होते. बीसीडीतली हवा सोडायला इन्फ्लेटर वर धरायचा असतो, आणि तो तर तुमच्या तोंडात! म्हणजे मान वाकडी करून हवा सोडा नाहीतर मागचा किंवा खांद्यावरचा डंप व्हॉल्व्ह ओढायची सवय लावून घ्या. त्यात बडी तुमच्या मेनच्या आखूड होजला लटकलेला. तेव्हा हा घ्यायचा तर मेनची होज लांब करून घ्या, हे बरेच जण करत नाहीत.

दुसरं, याचा क्विक कनेक्टर नेहमीच्या इन्फ्लेटर होजपेक्षा मोठा असतो, त्यामुळे तुम्ही रेग्युलेटर आपला आणि बीसीडी भाड्याची असं करत असाल तर हा पर्याय बादच. आपल्याकडे बहुतेक लोक तसंच करतात, म्हणून मी सहसा सुचवत नाही.

पायरी ८: पोनीची गरज कुणाला

ऑक्टो बडीसाठी असतो. तुमची स्वतःची हवा गेली आणि बडी वीस मीटर लांब माशाचे फोटो काढत असेल तर तुमचा ऑक्टो तुमच्या काहीच कामाचा नाही, तोही त्याच रिकाम्या सिलिंडरला जोडलेला. फर्स्ट स्टेजच बिघडला तरी तेच. म्हणून खोल जाणारे, कॅमेरावाले, कमी दृश्यतेत काम करणारे, यांना स्वतंत्र छोटा सिलिंडर आणि त्यावर स्वतंत्र पूर्ण रेग्युलेटर, म्हणजे पोनी. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात अँग्रिया बँक आहे, तिचा सगळ्यात उथळ भागच वीस मीटरच्या आसपास. अशा ठिकाणाचा बेत कुणी आखला तर पोनीशिवाय मी जाणार नाही. मालवणच्या उथळ पाण्यात उगाच ओझं.

किती मोठा? तोच हिशोब एका माणसासाठी: ३० मीटरवर एक मिनिट १२० लिटर, वर यायला साधारण २५०, स्टॉपला १३५, एकूण पाचशेच्या वर. तीन लिटरचा सिलिंडर २०० बारला भरला की ६०० लिटर, बरोबर बसतो. हातात धरता येईल एवढा छोटा स्पेअर एअर मिळतो, दिसायला फार आकर्षक, त्याच्या मोठ्या आवृत्तीत ८५ लिटर हवा. ३० मीटरवर घाबरलेल्या माणसाला ती पाऊण मिनिटही पुरत नाही. दहा मीटरवर त्याचा थोडा उपयोग, खोलवर नाही.

पोनीचा रेग्युलेटर साधा, विश्वासाचा घ्या, इथे अनबॅलन्स्ड पिस्टनही चालून जातो कारण एकटाच माणूस ओढणार आणि भाग कमी म्हणून बिघाड कमी. छोटं प्रेशर गेज मात्र लावाच. आणि त्याचं माउथपीस मेनपेक्षा हाताला वेगळं लागेल असं, वेगळ्या जागी ठेवा. मेन समजून पोनीवर श्वास घेत खाली जाणं ही ऐकायला हास्यास्पद पण खरी धोक्याची गोष्ट आहे.

पायरी ९: विकत घेताना विचारायचे प्रश्न

सर्व्हिस कुठे होते, किट भारतात मिळतं का मागवावं लागतं, मागवावं लागलं तर किती दिवस. बाहेरून येणाऱ्या माणसाकडून स्वस्तात आणलेला रेग्युलेटर दोन वर्षांनी किटसाठी अडकून बसला की सगळी बचत जाते. मॅन्युअलमध्ये सर्व्हिसची मुदत लिहिलेली असते, कुठे एक वर्ष, कुठे दोन, किंवा ठरावीक डाइव्हनंतर. ती ऑक्टोलाही लागू आहे, वापरला नाही म्हणून सोडायचा नसतो. न वापरलेल्या सेकंड स्टेजमधलं सीट एकाच जागी दाबून राहून त्यावर खाच पडते.

योक की डिन, म्हणजे फर्स्ट स्टेज सिलिंडरला जोडायची पद्धत कुठली, हाही प्रश्न येईल. आपल्याकडच्या डाइव्ह सेंटरांवर बहुतेक योक चालतो. डिन घेऊन योकचा ॲडाप्टर बरोबर ठेवलात तर दोन्हीकडे भागतं, मी हेच करायला सांगेन.

सेकंडहँड घेत असाल तर फर्स्ट स्टेजच्या तोंडाशी असलेला जाळीचा फिल्टर बघा. हिरवट असेल तर आत खारं पाणी गेलंय, तपकिरी लाल असेल तर कुठल्यातरी स्टीलच्या सिलिंडरचा गंज. होजांचे रबरी बूट मागे सरकवून खाली तडे आहेत का बघा. सर्व्हिसची पावती नसेल तर पूर्ण सर्व्हिसचा खर्च किमतीत धरूनच भाव करा.

पायरी १०: घरी आल्यावर, आणि पाण्यात

सिलिंडर न जोडता, फर्स्ट स्टेजची डस्ट कॅप घट्ट लावून, बॅकअपमधून श्वास ओढा. काहीच यायला नको, ओढ तशीच टिकली पाहिजे. हवा आली तर डायाफ्राम, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंवा माउथपीस कुठेतरी फाटलंय.

मग सिलिंडर जोडून व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि बादलीभर पाणी घ्या. सेकंड स्टेज माउथपीस वर आणि पर्ज बटण (पुढचं, दाबलं की हवा सोडणारं) खाली असा आडवा धरून हळूहळू पाण्यात उतरवा. एका ठिकाणी हवा सुटायला लागेल, तिथे थांबा, पाण्याच्या पातळीपासून आतला डायाफ्राम किती खाली आहे ते अंदाजे बघा. अडीच ते चार सेंटिमीटर असेल तर उत्तम, सहा-सातच्या पुढे गेला तर घट्ट, टेक्निशियनला सैल करायला सांगा. मेनशी तुलना करा, थोडा फरक चालेल, दुप्पट नको.

त्यानंतर बडीला बसवा शेजारी, एकाच वेळी दोघांनी दोन्ही सेकंड स्टेजमधून जोरात ओढा आणि गेजवर नजर ठेवा. श्वासागणिक काटा खाली झुकत असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही किंवा फिल्टर चोंदलाय. ही चाचणी बोटीवरही दर डाइव्हला करता येते, अर्ध्या मिनिटाचं काम.

पाण्यात पहिल्या डाइव्हला पाच-सहा मीटरवर दोन-तीन मिनिटं फक्त बॅकअपवर पोहा. डोकं खाली करून बघा, पाठीवर उलटं होऊन बघा, पाणी येतंय का ते कळतं. खोल जाणार असाल तर तळाशीही चार जोरात श्वास घ्या, खरी परीक्षा तिथे. मग बडीला घेऊन हवा द्यायचा सराव, तोही नुसता हातात द्यायचा नाही तर दोघांनी एकमेकांचा पट्टा धरून पाच मीटर वर येण्यापर्यंत. होज आखूड वाटते का, क्लिप सुटते का, इन्फ्लेटर कुठल्या हातात, हे सगळं तेव्हाच कळतं, आणि होज बदलायची असेल तर दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत कळलेलं बरं.

धुताना एकच, डाइव्ह सेंटरच्या सामायिक टाकीत बुडवलेला असताना, दाब नसेल तर, पर्ज बटण दाबू नका, तिथलं खारट पाणी सरळ होजमधून फर्स्ट स्टेजकडे जातं. डस्ट कॅप पुसून लावायची, ऑक्टोच्या आत गोड्या पाण्याची धार सोडायची, आणि सावलीत लटकवताना होजला मोड पडणार नाही असं बघायचं.